रुळांच्या पलीकडची मेट्रो : नागपुरातल्या एका प्रस्तावित थांब्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात वर्धा रोड आणि वर्ध्याकडे जाणारा रेल्वेमार्ग बरेच अंतर शेजारी शेजारी जातात. रस्ता पश्चिमेला, रूळ पूर्वेला. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली ती रस्त्याच्या बाजूने. ११ डिसेंबर २०२२ला पहिल्या टप्प्याचे उरलेले भाग सुरू झाले आणि सीताबर्डीला गाडी बदलून चारही दिशांना जाता येऊ लागले. वस्ती मात्र दोन्हीकडे वाढली. मनीष नगर, बेसा, बेलतरोडी हा सगळा भाग रुळांच्या पूर्वेचा. एकामागून एक लेआउट पडत गेले, शेतांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या आणि रूळ ओलांडायच्या जागा तेवढ्याच राहिल्या.

या प्रकरणातली वसाहत त्याच पट्ट्यातली, अजनी आणि खापरी या रेल्वे स्थानकांच्या मधली. तिचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रहिवाशांच्या समितीच्या मागण्या दोन होत्या. वसाहतीजवळ प्रवासी गाड्यांसाठी रेल्वेचा नवा थांबा हवा, आणि बस, मेट्रो, रेल्वे तिन्हींसाठी एकच तिकीट हवे. या अपेक्षेला आधार होता. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा या दिशांना ब्रॉडगेज मेट्रो, म्हणजे रेल्वेच्याच रुळांवरून मेट्रोसारख्या गाड्या, चालवण्याचा सामंजस्य करार २०१८ मध्ये झाला होता, आणि अशी गाडी दारावरून जाणार असेल तर ती दारात थांबावी असे कोणालाही वाटेल. मागणी तपासायला वाहतूक नियोजन, रेल्वे बांधकाम आणि तिकीट प्रणाली या तिन्ही विषयांतल्या माणसांचा एक छोटा गट बसवण्यात आला.

अडचण नेमकी कुठे होती

गटाने आधी नकाशा बाजूला ठेवला आणि सकाळी साडेसात ते दहा या वेळेत सलग काही दिवस रुळांच्या कडेला उभे राहून पाहणी केली. रेल्वेच्या हद्दीच्या भिंतीला एक भगदाड होते, माणूस आडवा होऊन निघेल एवढे. त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. माणसे येत, डावीउजवीकडे बघत, गिट्टीवरून तोल सांभाळत दोन्ही रूळ ओलांडत आणि पलीकडच्या गल्लीतून वर्धा रोडला लागत. काही जण सायकल खांद्यावर घेऊन जात. डबे घेतलेल्या बायका एकमेकींचा हात धरून जात. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे, आणि या मार्गावरून मेल-एक्सप्रेस आणि कोळशाच्या मालगाड्या सतत जातात. तरीही लोक जात होते, कारण भगदाडातून मेट्रोचा जिना सुमारे चारशे मीटरवर होता आणि रस्त्याने वळसा घालून तेच अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास भरत होते.

भगदाडातून जाणाऱ्यांना गटाने एकच प्रश्न विचारला: कुठे निघालात? बहुतेकांचे उत्तर सीताबर्डी, रेल्वे स्टेशन, मिहान (विमानतळाजवळचा उद्योग परिसर) किंवा हिंगणा रोडकडचे होते. सगळी ठिकाणे मेट्रोने किंवा मेट्रोनंतर एका बसने गाठता येणारी. सिंदी, सेवाग्राम, वर्धा या दिशेला रोज जाणारे होते, पण मोजके. म्हणजे मागणी अर्जात थांब्याची असली तरी गरज पहिल्यांदा रूळ ओलांडण्याची होती. गटाच्या पुढच्या सगळ्या कामाला वळण लागले ते इथे. अर्जातल्या शब्दांवरच थांबलो असतो तर कोट्यवधींचे फलाट उभे राहिले असते आणि भगदाड तसेच राहिले असते.

दुसरी अडचण पैशांची. वसाहतीतून शहर बसने मेट्रोपर्यंत यायचे आणि पुढे मेट्रोने जायचे तर दोनदा सुरुवातीचे भाडे पडते. भाड्याचा कोणताही तक्ता असो, पहिल्या टप्प्याचा आकार पुढच्या टप्प्यांपेक्षा जड असतो. सलग प्रवासात तो एकदाच लागतो, गाडी बदलली की पुन्हा लागतो. प्रवाशाला हे गणित माहीत नसते, पण "दोन-दोन तिकिटं" हा शब्द त्याच्या तोंडी असतो आणि तो बरोबर असतो.

थांब्याचा पर्याय कसा तपासला

रेल्वेचा थांबा म्हणजे गावातला बसथांबा नव्हे. सिग्नल नसलेला, दोन ब्लॉक स्थानकांच्या (जिथून गाड्यांना पुढे जाण्याची परवानगी मिळते अशा स्थानकांच्या) मधला साधा हॉल्ट रेल्वेच्या ड वर्गात मोडतो. त्याला स्टेशन मास्तर लागत नाही आणि तिकिटे कमिशनवरच्या एजंटाकडून विकता येतात. त्यामुळे चालवण्याचा खर्च कमी. पण बांधकामाच्या अटी सुटत नाहीत. स्थानकाच्या जागी चढ ४०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि शिफारस तर १२०० मीटरला १ मीटर इतक्या सपाटीची आहे. फलाट शक्यतो सरळ मार्गावर हवा, कारण वळणावर डबा आणि फलाट यांच्यातली फट वाढते. गटाने सुचवलेल्या तीन जागांपैकी एक चढामुळे आणि एक वळणामुळे सुरुवातीलाच बाद झाली.

तिसरी जागा सपाट आणि सरळ होती. तिथे विजेच्या खांबांचा प्रश्न आला. मोकळ्या मार्गावर खांब रुळांच्या मध्यापासून अडीच-तीन मीटरवर असतात. फलाट आला की ते ४.७५ मीटरवर सरकवावे लागतात, नाहीतर उतरणाऱ्या माणसाच्या वाटेतच खांब येतो. आठ डब्यांच्या मेमूला (विजेवर चालणाऱ्या, जवळच्या अंतराच्या प्रवासी गाडीला) सुमारे १७० मीटर फलाट लागतो आणि बारा डब्यांच्या गाडीला २६० मीटर. एवढ्या लांबीतले दोन्ही बाजूंचे खांब हलवायचे म्हणजे प्रत्येक खांबासाठी वीजपुरवठा बंद ठेवण्याचा वेळ मागायचा, आणि या मार्गावर तो सहज मिळत नाही. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही मुख्य रेल्वेमार्ग नागपुरातून जातात. एक तासाचा असा बंदसुद्धा (रेल्वेच्या भाषेत ब्लॉक) कितीतरी गाड्यांचे वेळापत्रक हलवतो.

पण निर्णायक ठरली ती तिसरी-चौथी मार्गिका. नागपूर ते सेवाग्राम जादा मार्गिका मंजूर आहेत. नव्या कामात दोन रुळांच्या मध्यांमधले अंतर किमान ५.३ मीटर ठेवावे लागते. आजच्या रुळांना चिकटून फलाट बांधला तर उद्याची मार्गिका त्या फलाटाच्या पोटातून जाईल. कमी खर्चाचा थांबा म्हणून घाईत बांधायचा आणि काही वर्षांनी पाडायचा, हे गटातल्या कोणालाच पटले नाही.

वेळेचा हिशेबही मांडला. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका थांब्यासाठी वेग कमी करते, अर्धा मिनिट उभी राहते आणि पुन्हा वेग घेते. यात दीड ते दोन मिनिटे जातात. एका गाडीला ते काहीच नाही, पण मागून येणाऱ्या एक्सप्रेसचा रस्ता तेवढा वेळ अडतो, आणि अशा थांब्यांची संख्या वाढली की लोकल गाड्यांनाच बाजूला उभे करायची पाळी येते. शिवाय मेट्रो दर दहा-पंधरा मिनिटांनी असताना दिवसातून मोजक्या वेळा येणाऱ्या मेमूसाठी कोण थांबणार, हा साधा प्रश्न होताच.

गटाने थांबा नाकारला नाही, पुढे ढकलला. जागा राखून ठेवावी, नव्या मार्गिकांच्या आराखड्यात फलाटाची रुंदी गृहीत धरावी आणि लोकल सेवा नियमित झाली की बांधावा, अशी शिफारस झाली. समितीतल्या काहींना हे टाळाटाळ वाटले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण अशा शिफारशी फाइलमध्येच राहिल्याची उदाहरणे लोकांनी पाहिलेली असतात. म्हणून राखीव जागेचा नकाशा अहवालासोबत जोडून समितीच्या हाती देण्यात आला.

ओलांडायचे कसे : पूल की भुयार

इथे गटात खरी चर्चा झाली. विजेच्या तारांमुळे पादचारी पुलाचा खालचा भाग रुळांच्या पातळीपासून किमान ६.२५ मीटर उंच लागतो. त्यात पुलाची जाडी आणि जमिनीचा उतार धरला की जमिनीपासून सुमारे सात मीटर चढावे लागते. १५ सेंटिमीटरच्या पायरीने ४७ पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा किल्लाच. रॅम्प करायचा तर बारा मीटरला एक मीटर उतार धरून ८४ मीटर, आणि दर नऊ मीटरला विसाव्याचा सपाट भाग दिला की जवळजवळ शंभर मीटर. पायऱ्या असल्या की लोक पुन्हा भगदाड शोधतात, हे सगळ्यांना माहीत होते.

भुयारी मार्गात चार मीटरच उतरावे लागते, सायकल ढकलत नेता येते, उन्हातून सुटका होते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की या गोष्टीला किंमत येते. पण नरेंद्र नगरच्या पुलाखाली पावसाळ्यात काय होते ते नागपूरकरांना सांगायला नको. चार मीटर खोल खड्ड्यात पाणी येणारच, पंप लागणार, पंपाला वीज आणि माणूस लागणार, आणि रात्री दिवे बंद पडले की बायका तिथून जाणार नाहीत. वसाहतीतल्या महिलांशी स्वतंत्र बैठक घेतली तेव्हा हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांतच आला. पुरुषांच्या बैठकीत तो एकदाही आला नव्हता.

निर्णय पुलाच्या बाजूने झाला, तीन अटींवर. दोन्ही टोकांना लिफ्ट, आणि लिफ्टच्या देखभालीचा करार बांधकामाच्या करारातच. जिन्याच्या कडेला सायकल ढकलायची पन्हळ. आणि पुलाचे खांब भावी मार्गिकांच्या हद्दीबाहेर. चौथी गोष्ट कागदावर छोटी, पण महत्त्वाची होती: पूल तिकिटाशिवाय ओलांडता यावा. पूल फक्त प्रवाशांचा केला तर भगदाडाचे कारण संपत नाही.

भाड्याचा प्रश्न आणि तीन पर्याय

पूल व्हायला काळ लागणार होता. तोवर वसाहतीतून मेट्रोपर्यंत बस हाच आधार. मेट्रो रेल धोरण २०१७ राज्यांकडून प्रत्येक स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरासाठी पूरक वाहतुकीची हमी मागते, त्यामुळे हा विषय मेट्रोच्या कक्षेबाहेरचा नव्हता. शहर बसचा एक मार्ग वळवून वसाहतीतून मेट्रो स्थानकापर्यंत दर वीस मिनिटांनी फेरी ठेवण्याचे ठरले, आणि भाड्याचे तीन पर्याय समोर आले.

पहिला, एकच कार्ड, पण भाडी वेगळीच. राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड ४ मार्च २०१९पासून आहे. हे सर्वांत सोपे, पण प्रवाशाच्या खिशावरचा भार तसाच राहतो. दुसरा, गाडी बदलल्यास सवलत. तिसरा, पूर्ण प्रवासाचे एकच भाडे. हा सर्वांत न्याय्य, पण त्यासाठी सगळ्यांचे तक्ते एक करावे लागतात. रेल्वेच्या बाबतीत अडचण आणखी मोठी: तिथे गेट नाहीत, तपासणी तिकीट पाहून होते, मासिक पासचे दर वेगळ्या तर्काने ठरतात, आणि नागपूरच्या आसपासचे मार्ग मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन रेल्वेंच्या विभागांत वाटलेले आहेत. म्हणून रेल्वे पहिल्या फेरीतून वगळली आणि बस-मेट्रो या जोडीसाठी दुसरा पर्याय घेतला.

पैशांची वाटणी कशी करायची ते एका उदाहरणावर ठरले. समजा बसचे भाडे १२ रुपये आणि मेट्रोचे २०, एकूण ३२. सवलत ८ रुपयांची, म्हणजे प्रवासी २४ देतो. मूळ भाड्याच्या प्रमाणात वाटले तर बसला ९ आणि मेट्रोला १५. अंतराच्या प्रमाणात वाटले असते तर छोट्या फेरीच्या बसला फारच कमी मिळाले असते आणि पहिल्याच महिन्यात कुरबुर झाली असती. सवलतींचा क्रमही आधी ठरवावा लागला. २० रुपयांवर समजा ३० टक्के विद्यार्थी सवलत आधी दिली तर १४, त्यातून ८ वजा केले की ६. उलट क्रमाने १२ उरतात, त्यावर ३० टक्के म्हणजे ८ रुपये ४० पैसे. क्रम लिहून ठेवला नाही तर दोन यंत्रे दोन आकडे दाखवतात आणि भांडण वाहकाशी होते.

सवलतीची मुदत किती? मेट्रोतून बाहेर पडल्यावर बसथांब्यापर्यंत चालायला पाच-सहा मिनिटे, बसची जास्तीत जास्त वीस मिनिटांची वाट, आणि एक बस चुकली किंवा भरून गेली तर आणखी वीस. पाऊण तासात जेमतेम बसते, म्हणून तासाभराची मुदत ठेवली. घड्याळ मेट्रोत शिरल्यापासून न धरता बाहेर पडल्यापासून धरले, नाहीतर लांबून येणाऱ्याची मुदत गाडीतच संपली असती.

प्रत्यक्षात काय झाले

मार्ग सुरू झाला, आणि पहिली चूक कार्डाबाहेरचीच निघाली. बसथांबा मेट्रोच्या जिन्यापासून बराच पुढे, दुभाजकातल्या फटीच्या पलीकडे ठेवला होता. ऑटो मात्र जिन्याच्या तोंडाशीच उभे. प्रवासी जिना उतरे आणि समोरच्या शेअर ऑटोत बसे. दोन आठवड्यांनी ऑटोचालकांशी बसून जागांची अदलाबदल केली. थांबा जिन्याखाली आला आणि ऑटोंना तीस मीटर पुढे सावलीतली पक्की जागा मिळाली. सावलीमुळेच ते तयार झाले.

दुसरी चूक तांत्रिक होती. मोबिलिटी कार्डाच्या चिपमध्ये वेगळी शिल्लक असते. ॲपवरून पैसे भरले तरी ते चिपवर आपोआप येत नाहीत, एकदा यंत्रावर कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करावी लागते. हे न कळल्याने लोक गेटपाशी अडत. एक आजोबा मोबाइलवर आलेला शंभर रुपयांचा संदेश गेटवरच्या कर्मचाऱ्याला पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि मागे रांग वाढत होती. दोघांचेही म्हणणे खरे होते. उपाय साधा: स्थानकाच्या दारातच शिल्लक अद्ययावत करायचे यंत्र ठेवले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, "ॲपमधून पैसे भरले? आधी इथे कार्ड लावा."

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. बसमधल्या तिकीट यंत्रांना मेट्रोने चिपवर लिहिलेली नोंद वाचायची परवानगी नव्हती, त्यासाठी लागणाऱ्या सुरक्षा किल्ल्या आणि प्रमाणन मिळायला उशीर होता. म्हणून सवलत दुसऱ्या दिवशी खात्यात परत देण्याची तात्पुरती सोय केली. बसयंत्रांची नोंद रात्री आगारात यंत्र जोडल्यावरच वर जायची, आणि काही यंत्रांची घड्याळे दहा-बारा मिनिटे मागेपुढे होती. तासाच्या मुदतीत बसलेला प्रवास नोंदीत मुदतीबाहेर दिसे. लोकांनी सवलत मागणेच सोडले. न दिसणाऱ्या परताव्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. तिकिटावर आकडा दिसला तरच सवलत आहे असे माणूस मानतो.

दुरुस्ती दोन भागांत झाली. आगारात रोज सकाळी यंत्रांची घड्याळे जुळवल्याशिवाय ती वाहकाच्या हाती द्यायची नाहीत, अशी नोंदवही सुरू झाली. आणि रोजच्या प्रवाशांसाठी मासिक मेट्रो पासवर ठराविक रकमेचा बस जोड आणला. पासवर एक छापील चिकटपट्टी, महिन्यागणिक रंग वेगळा. वाहकाला यंत्र वाचायची गरज नाही, डोळ्यांनी दिसते. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे मागे जाणे होते. पण पट्टी चालली. चिपवरची सवलत नंतर आली, तेव्हाही बऱ्याच जणांनी पट्टीच चालू ठेवली.

पुलाचा प्रस्ताव पुढे गेला आहे. थांब्याची जागा राखीव आहे. भगदाड दोनदा विटांनी बुजवले गेले आणि दोन्ही वेळा पुन्हा उघडले.

काय वेगळे करता आले असते

बसथांब्याची जागा हा पहिल्या दिवसाचा विषय होता, तो दोन आठवडे मागे पडला. कार्ड आणि गेट यांचे तपशील पाहताना रस्त्यावरच्या तीस मीटरकडे दुर्लक्ष झाले.

बसयंत्रांचे प्रमाणन कधी होणार ते लेखी घेतल्याशिवाय सवलत जाहीर करायला नको होती. परताव्याची तात्पुरती सोय ही सद्भावनेने केलेली, पण विश्वास गमावणारी गोष्ट ठरली. त्याऐवजी पहिले तीन महिने फक्त चिकटपट्टीचा पास चालवला असता तर सुरुवात संथ झाली असती, पण लोक टिकले असते.

महिलांची बैठक पूल की भुयार या टप्प्यावर झाली. ती पाहणीच्या आधी व्हायला हवी होती. भगदाडातून किती जणी जातात हे मोजले गेले, पण अंधार पडल्यावर किती जणी ती वाट सोडून लांबच्या रस्त्याने घरी येतात हे मोजले गेले नाही. तो आकडा असता तर लिफ्टजवळच्या दिव्यांची आणि पहारेकऱ्याची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच आली असती, आता ती वेगळ्या मंजुरीसाठी पाठवावी लागली आहे.

आणि पूल होईपर्यंत भगदाडाचे काय, याचे उत्तर गटाने दिलेच नाही. भिंत बुजवायची शिफारस करणे सोपे होते, ती केली. गर्दीच्या दोन वेळांना तिथे शिट्टी आणि झेंडी घेतलेला एक माणूस उभा करावा, किंवा पूल होईपर्यंत जवळच्या अंडरब्रिजपर्यंत विनातिकीट बसफेरी द्यावी, हे दोन्ही पर्याय चर्चेत निघाले होते. पहिल्याने बेकायदा ओलांडण्याला मान्यता दिल्यासारखे होईल म्हणून तो सुटला, तो निर्णय बरोबरच होता. दुसरा केवळ अंदाजपत्रकात शीर्ष नाही म्हणून सुटला. ती फेरी द्यायला हवी होती.